सहा शेपट्यांचं मांजर

चित्र काढताना माझ्या हातात सगळ्यात जास्त झिजायचं ते खोडरबर. एक रेघ ओढायची, डोळे बारीक करून बघायचं, खोडायची, तिला चिकटून दुसरी ओढायची, तीही खोडायची. कागदाला लव फुटेपर्यंत हे चालायचं. मुद्राचित्रण, म्हणजे लिनो, लाकूड किंवा धातूवर कोरून ते कागदावर छापायची कला, शिकायचं ठरवलं तेव्हा माझी चित्रं जवळून पाहिलेली मैत्रीण म्हणाली, "तू? एकदा कोरलं की संपलं असतं तिथे." मला तेच तर हवं होतं. खोडता येणार नाही अशा जागी जाऊन बसलं, की खोडायची खोड आपोआप जाईल असा माझा हिशेब होता. तो पुरता चुकला.

सुरुवात लिनोपासून झाली. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायचं आच्छादन. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने जवसाचं घट्ट झालेलं तेल आणि बुचाचा भुगा वापरून ते तयार केलं. पाठीला तागाचं कापड असतं. लाकडासारखे तंतू नसल्यामुळे पटाशी कुठल्याही दिशेला सारखीच जाते, हे सगळे सांगतात. थंड लिनो मात्र ठिसूळ होतो, त्याच्या कडा ढेकळासारख्या फुटतात, हे मला दोन दिवस झगडल्यावर कळलं. सरांनी माझा तुकडा उचलला, वर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवली आणि परत दिला. पटाशी अशी सरकली की मी दचकलेच. दचकण्याच्या त्या क्षणी डावा हात पात्यासमोर होता. मोकळा हात नेहमी पटाशीच्या मागे ठेवायचा, हे वाक्य त्याआधी तीनदा ऐकलेलं होतं. अंगठ्यावरची खूण अजून आहे.

विषय होता एक सुरई. मी काय केलं, तर पेन्सिलीने सुरईची बारीक बाह्यरेषा काढली आणि ती काळी रेघ शिल्लक राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचा लिनो कोरून काढला. दोन संध्याकाळी गेल्या. छाप निघाल्यावर सर म्हणाले, "एवढीच रेघ हवी होती तर पेन्सिलीनेच काढायची होतीस की." त्यांनी बाजूला पडलेला एक तुकडा घेतला, व्ही आकाराची पटाशी एकदाच सुरईच्या पोटावरून फिरवली आणि छापून दाखवलं. काळ्यात एक पांढरी वळणदार रेघ, आणि ती सुरई माझ्या सुरईपेक्षा जास्त गोल. कागदावर आपण उजेडात अंधार घालत जातो. लिनोत सगळा अंधारच असतो आणि एकेक खाच म्हणजे उजेड. हे डोक्याला लगेच पटलं. हाताला पटायला तीन महिने लागले.

शाईचं शिक्षण मात्र कानाने झालं. काचेवर रोलर फिरवताना शाई जास्त असेल तर ओला, चिकट आवाज येतो, लहान मूल ओठ चाटतं तसा. योग्य थर झाला की तो बदलून बारीक, एकसंध सळसळ होतो. आधी मी डोळ्यांनी ठरवायचे, आणि बारीक खाचा शाईने बुजून जायच्या. शाई फार सैल असेल तर मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घोटून ती घट्ट करता येते, फार चिवट असेल तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. दोन थेंब म्हणजे दोनच. मी एकदा पाच घातले आणि सगळ्या छापांभोवती महिन्याभरात पिवळसर तेलकट वलय उगवलं.

आणि मग पटाशी निसटली. सुरईच्या गळ्यावरून थेट मागच्या भिंतीत. दुसरं कुणी असतं तर नवा तुकडा घेतला असता किंवा ती खाच चित्रात सामावून घेतली असती. मी खाचेत लांबी (पुट्टी) भरली, वाळवली, घासून सपाट केली. छापलं तेव्हा लांबीने शाई वेगळी धरली आणि बरोबर तिथे एक खरखरीत करडा डाग आला. लिनोवरही मी खोडलंच होतं, आणि खोडलेलं लपलंही नव्हतं. त्या छापाला मी तेव्हा बाद म्हटलं. आता तो माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी फळी कोरून छापण्यात, मी फार रमले नाही. लाकूड सुंदर आहे, पण ते स्वतःचंच बोलतं. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने फळीच करवतीने कापून, तुकड्यांना वेगवेगळी शाई लावून, परत जुळवून छापलं. त्याच्या छापांत लाकडाच्या रेषा आभाळ होऊन येतात. माझ्या छापांत त्या लाकडाच्या रेषाच राहिल्या. चार फळ्यांनंतर सोडून दिलं.

ड्रायपॉइंटने मात्र मला धातूकडे ओढलं. पद्धत साधी. टोकदार सुईने पत्रा थेट ओरखडायचा. सुई धातू उकरते तेव्हा रेघेच्या कडेला धातूची उठलेली खडबडीत कड तयार होते, तिला बर म्हणतात. लिनोच्या उलट इथे अडकलेली शाईच छापते. ती खाचेत थोडी आणि या बरमध्ये जास्त अडकते, म्हणून छापात रेघ मखमलीसारखी पसरट येते. पण प्रेसच्या दाबाखाली बर दर छापाला दबत जाते. माझ्या पहिल्या प्लेटवर चौथा छाप उत्तम आला, बाराव्यापर्यंत ती मखमल जाऊन नुसती तार उरली. टिकाऊपणासाठी तांब्यावर वीजप्रवाहाने लोखंडाचा पातळ थर चढवतात, ती सोय आमच्याकडे नव्हती.

इथेच मी पहिल्यांदा प्रेसवर काम केलं आणि पहिल्याच दिवशी नुकसान केलं. प्लेटच्या चारही कडा कानस मारून तिरक्या कराव्या लागतात. मी घाईत दोनच केल्या. दाबाखाली उरलेल्या दोन कडांनी ओला कागद तर फाडलाच, वरच्या लोकरी नमद्यावरही दोन सरळ काप उमटवले. सर काही बोलले नाहीत. पुढचे सहा महिने प्रत्येक नवशिक्याला ते नमदा दाखवून सांगायचे, "ही आमच्या बाईंची पहिली कलाकृती."

मग एचिंग. यात धातू आपण कोरत नाही, आम्ल कोरतं. तांब्याच्या स्वच्छ केलेल्या प्लेटवर ग्राउंड चढवतात: मधमाशीचं मेण, राळ आणि अस्फाल्टम (डांबरासारखा पदार्थ) यांचं मिश्रण. त्यावर सुईने रेखाटायचं, म्हणजे फक्त ग्राउंड बाजूला सारून खालचं तांबं उघडं करायचं. मी ड्रायपॉइंटच्या सवयीने सुई दाबत होते. गरजच नसते. पेन्सिलीइतकीही नसते. रेघ काळी किती होणार हे हात ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. मी एका छोट्या पट्टीवर चाचणी केली: सारख्याच रेघांचे चार गट, पहिला पाच मिनिटं, दुसरा दहा, तिसरा वीस, चौथा चाळीस. प्रत्येक टप्प्याला प्लेट बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची, झालेल्या गटावर वॉर्निश लावून तो बंद करायचा आणि पुन्हा आत सोडायची. ती पट्टी अजून भिंतीवर आहे आणि मी आजही तिच्याकडे बघून वेळ ठरवते. पुस्तकातल्या मिनिटांचा काही भरवसा नाही. द्रावण जुनं असेल, थंड असेल तर सगळं गणित बदलतं.

आमचं द्रावण फेरिक क्लोराइडचं. नायट्रिक आम्लासारखा विषारी धूर त्यातून उठत नाही, म्हणून नवशिक्यांना तेच देतात. पण ते गडद तपकिरी असतं, आत काय चाललंय दिसत नाही, आणि कपड्यावर पडलेला डाग त्या कपड्याबरोबरच जातो. शिवाय खाचांत गाळ बसतो आणि कोरणं मंदावतं. म्हणून प्लेट उभी टांगायची किंवा तोंड खाली करून तरंगती ठेवायची. थोडं सायट्रिक आम्ल मिसळलं तर गाळ धरत नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही.

अॅक्वाटिंटमध्ये माझे नाकी नऊ आले. रेघेऐवजी करडी छटा हवी असेल तर प्लेटवर राळेची बारीक पूड बसवून ती गरम करून चिकटवतात. कणांच्या मधल्या फटींतून आम्ल खातं आणि प्लेटला शाई धरणारा खरखरीतपणा येतो. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या ऐंशी छापांच्या मालिकेत या छटांची काळोखी रात्र भरून ठेवली आहे. माझ्या प्लेटवर पूड विरळ पडली. आम्लाने सरसकट सगळंच खाल्लं. छाप निघाला तो मधे फिक्कट आणि फक्त कडांना काळा, कारण रुंद उथळ खड्ड्यातली शाई पुसताना निघून जाते आणि भिंतींच्या आडोशालाच उरते. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. पण 'उथळ खड्ड्यात शाई कशी वागते' हे डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं. पुढे तेच उपयोगी पडलं.

आता मांजर.

स्टुडिओच्या खिडकीत दुपारी एक मांजर झोपायला यायचं. मी एचिंगची नवी प्लेट घेतली, साधारण तळहाताएवढी, आणि ठरवलं, याला काढायचं. झोपलेलं मांजर हे जगातलं सगळ्यात स्थिर मॉडेल आहे अशी माझी समजूत होती. झोपलेलं मांजर दर चार मिनिटांनी कूस बदलतं. तरी एक स्थिती पकडली, प्लेट आम्लातून काढली, छापली. डोकं बरं होतं, पाठ चुकली होती, शेपटी तर दोरी वाटत होती.

"खोडता येतं का हो हे?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली होती.

सरांनी खणातून दोन अवजारं काढली. एक त्रिधारी स्क्रॅपर, दुसरं गुळगुळीत पोलादी बर्निशर. "येतं. पण फुकट नाही."

तांब्यावर खोडणं असं असतं: आधी स्क्रॅपर अगदी सपाट धरून धातूचे पापुद्रे काढायचे. रेघ जितकी खोल, तितकं आजूबाजूचं तांबं तिच्या तळापर्यंत खाली आणायचं. मग तेलाचा थेंब टाकून बर्निशरने घोटायचं, घोटायचं, पुन्हा घोटायचं. एक शेपटी पुसायला मला दीड तास लागला. कागदावर हेच काम चार सेकंदांचं. दुसऱ्या शेपटीच्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, खोडण्याआधी मी विचारलं की खरंच खोडायची आहे का.

नवी शेपटी काढून, कोरून, छापलं. आणि जुनी शेपटी तिथेच होती! रेघ म्हणून नव्हे, सावलीसारखी. खरवडलेल्या जागी उथळ खळगा झाला होता, त्यात शाईचा पातळ पापुद्रा अडकत होता, आणि पाच-सहा रेघांचे तळ धुकट दिसत होते. मी हळहळत छाप सरांकडे नेला. त्यांनी उपाय सांगितला: प्लेट उलटी करून खळग्याच्या नेमक्या मागच्या जागी हातोडीने हलके ठोकायचं, पृष्ठभाग वर येतो, मग पुन्हा घोटायचं. हातोडीही काढून दिली. मी ती घेऊन जागेवर गेले आणि छापाकडे बघत बसले. कूस बदलण्याआधीचं मांजर आणि बदलल्यानंतरचं, दोन्ही तिथे होती. खिडकीत मी जे पाहत होते ते बरोबर हेच होतं. हातोडी तशीच परत केली.

मग मी त्या प्लेटला सोडलंच नाही. मांजर हललं की खरवडायचं, पुन्हा ग्राउंड, पुन्हा रेखाटन, पुन्हा आम्ल. प्लेटच्या अशा प्रत्येक बदलत्या टप्प्याला मुद्राचित्रणात अवस्था म्हणतात, आणि दर अवस्थेचे छाप काढून ठेवतात. रेम्ब्रांटने 'तीन क्रूस' ही प्लेट १६५३ मध्ये केली. पुढे चौथ्या अवस्थेत त्याने त्यातली कितीतरी माणसं खरवडून काढली, वरून खाली रेघांचा अंधार ओतला, एक वेगळीच घटना उभी केली. पिकासोने १९४५ च्या डिसेंबरपासून १९४६ च्या जानेवारीपर्यंत शिळाछापात (दगडावर रेखाटून छापायच्या पद्धतीत) एकाच बैलाच्या अकरा अवस्था काढल्या, भरदार जनावरापासून मोजक्या रेघांपर्यंत. हे दोन्ही मी आधी वाचलेलं होतं, परीक्षेला पाठ केल्यासारखं. सातव्या अवस्थेला, घोटून घोटून मनगट सुजलेलं असताना, त्याचा अर्थ लागला. आणि फरकही लक्षात आला: पिकासो कमी करत गेला, माझ्या प्लेटवर मात्र काहीच कमी होत नव्हतं. पुसलेलं साचत होतं.

पुसणं हा शब्द एचिंगमध्ये दोन अर्थांनी येतो. शाई खाचांत भरल्यावर वरची शाई पुसावी लागते, आधी खळ दिलेल्या जाळीदार टार्लटन कापडाने, मग कागदाने, शेवटी खडू चोळलेल्या तळव्याने. तळवा फिरवला की पृष्ठभाग लख्ख होतो, छाप कोरडा, स्पष्ट येतो. माझे जुने खळगे त्यात नाहीसे व्हायचे. म्हणून मी तळवा सोडला. टार्लटनही मऊ झालेलं, वापरलेलं घेते, आणि खळग्यांवरून ते शेवटी, सैल हाताने नेते. कागद आदल्या रात्री भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला हवा. वरवर ओला आणि आत कोरडा असेल तर खळग्यातला पातळ पापुद्रा तो उचलतच नाही. शाई किंचित सैल. हे सगळे निर्णय बाहेरून शैलीसारखे दिसतात. माझ्या दृष्टीने ती त्या शेपट्या टिकवण्याची धडपड होती.

एक अडचण राहिली, आणि ती अजून सुटलेली नाही. मुद्राचित्राचा मोठा गुण म्हणजे एकसारख्या प्रती. वीस प्रतींची आवृत्ती काढली की खाली पेन्सिलीने १/२०, २/२० असे आकडे घालतात आणि सही करतात. माझ्या प्लेटचं प्रत्येक रूप पुढच्या खरवडण्यात नष्ट होतं. मी दर अवस्थेचे तीन छाप काढते आणि थांबते. एका प्रदर्शनाच्या निवड समितीने हे 'अपुरी आवृत्ती' म्हणून परत पाठवलं. नियमाने ते बरोबर असेल. मला राग आलाच.

मधे काही महिने मोनोटाइप केलं. गुळगुळीत प्लेटवर सगळी शाई पसरायची आणि चिंधीने, बोटाने, काडीने ती पुसत उजेड काढायचा. फ्रेंच चित्रकार देगाने १८७० च्या दशकात असे कितीतरी काळोखी छाप काढले. खोडणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं माध्यम नाही, आणि म्हणूनच ते मला पचलं नाही. तिथे पुसायला काहीच लागत नाही. दीड तास नाही, सुजलेलं मनगट नाही. चार सेकंदांत पुसलेलं परत चार सेकंदांत विसरायला झालं. एक गोष्ट मात्र तिथून घेतली: चित्राची सुरुवात काळ्यापासून करायची. आता नव्या प्लेटवर मी आधी घट्ट अॅक्वाटिंट देते (पूड कशी पाडायची हे एकदाचं जमलंय, राळेची धूळ फुप्फुसांना वाईट आणि पेटणारी, म्हणून मुखपट्टी लावून आणि ज्योत विझवून) आणि स्क्रॅपरनेच रेखाटायला लागते.

मांजरानंतर मी माणसांकडे वळले, तीही न हलता बसू शकत नाहीत अशी. पेपर वाचताना पाय बदलणारे वडील, फोनवर बोलताना घरभर फिरणारी बहीण. वडिलांच्या प्लेटवर चार गुडघे आहेत. त्यांनी छाप हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यातला आजचा कुठला?"

मांजराची प्लेट अकराव्या अवस्थेत आहे. पाठीच्या जागी तांबं इतकं खाली गेलंय की मागून बोटाने दाबलं तर कळतं. परवा सरांनी ताजा छाप उजेडात धरला आणि मोजलं.

"सहा शेपट्या."

"सात, सर. एक खिडकीच्या चौकटीत आहे."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि माझ्यासमोर स्क्रॅपर ठेवत म्हणाले, "ती फारच ठळक आहे. थोडी घोट."